क्लाउडफ्लेअरचं १.१.१.१ डीएनएस, सहा महिने वापरल्यावर

राउटरचे दिवे हिरवे, वायफायच्या दांड्या फुल आणि ब्राउझर म्हणतो साइट सापडत नाही, हे आमच्याकडे रोज संध्याकाळी व्हायचं. नेटवाल्याला फोन केला की एकच उत्तर, राउटर बंद करून चालू करा. शेवटी वैतागून कमांड प्रॉम्प्ट उघडला, पिंग ८.८.८.८ मारलं, म्हणजे गूगलच्या सर्व्हरला त्याच्या आकडी पत्त्यावरून हाक दिली, तर चारही रिप्लाय आले, पण साइटचं नाव टाकून पिंग केलं की होस्टच सापडेना, म्हणजे लाइन ठणठणीत होती, साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता, म्हणजे आयपी पत्ता, शोधून देणारा नेटवाल्याचा डीएनएस सर्व्हरच गचकत होता!

मग विंडोजमध्ये डीएनएस मॅन्युअल करून क्लाउडफ्लेअर कंपनीच्या डीएनएस सर्व्हरचे पत्ते, १.१.१.१ आणि खाली १.०.०.१, टाकले, आयपीकॉन्फिग स्लॅश फ्लशडीएनएस मारून जुने पत्ते पुसले आणि पोरीचा ऑनलाइन क्लास लगेच सुरू झाला. फुकट आहे, २०१८ पासून आहे, आणि दोन दिवस सोडले तर या सहा महिन्यांत संध्याकाळचा तो त्रास एकदाही नाही. एक मात्र नक्की करा, आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) चालू असेल तर तिथलाही डीएनएस बदला, मी विसरले होते आणि दोन दिवस अधूनमधून तीच बोंब.

याने डाउनलोडचा स्पीड वाढत नाही हं, नाव शोधायला लागणारा वेळ तेवढा कमी होतो. आणि हॉटेलच्या वायफायवर लॉगिनचं पान कधीकधी उघडत नाही, तेव्हा डीएनएस परत ऑटोमॅटिक करावं लागतं, हे मला खरंच खटकतं, म्हणून पाचपैकी साडेचार.