पाचवी ते आठवीची मुलं एकमेकांची कशी होतील? हाउस, रिंगण, जोडी, तुकडेजोड आणि परसबाग यांची तुलना

जूनमध्ये गोव्यातल्या हायस्कुलात पाचवीचा वर्ग भरतो, तेव्हा एका बाकावर बसलेल्या दोघांना एकमेकांचं नावही ठाऊक नसतं. चौथीपर्यंत ही मुलं आपापल्या गावातल्या मराठी किंवा कोकणी प्राथमिक शाळेत होती. वर्गात दहा-बारा जण, सगळे विषय एकाच बाईंकडे, आणि कोणाच्या घरी म्हैस व्याली हेसुद्धा बाईंना माहीत. आता तुकडीत चाळीस जण, दर तासाला वेगळे शिक्षक, पुस्तकं बहुतेक ठिकाणी इंग्रजीत. घरी कोणी मराठी बोलतं, कोणी कोकणी, कोणी कन्नड किंवा हिंदी. मधल्या सुट्टीत गावागावाचे घोळके होतात, आणि शाळेने मुद्दाम काही केलं नाही तर ते आठवीपर्यंत तसेच राहतात.

हे ‘काही’ म्हणजे काय, हे ठरवायला बसलेल्या मुख्याध्यापकांसाठी, वर्गशिक्षकांसाठी आणि पालक-शिक्षक संघासाठी ही तुलना आहे. सगळे पर्याय आम्ही एकाच प्रश्नावर तपासले आहेत: एखादं मूल आज आलं नाही, तर त्याच्यावाचून कोणाचं काही अडतं का? नुसतं ‘आपण सगळे एक’ म्हणून मुलाला शाळा आपली वाटत नाही. आपल्यावाचून अडतं हे कळलं की वाटते.

दुसरी अट वेळेची. बऱ्याच शाळा सकाळी आठच्या सुमारास भरतात आणि दुपारी दीडच्या आसपास सुटतात. बालरथ, म्हणजे मुलांना ने-आण करणारी बस, फाटकाशी उभा असतो, तो चुकला तर कदंबची (सरकारी बससेवेची) पुढची गाडी कधी येईल याचा नेम नाही. शाळा सुटल्यावरचा कोणताही उपक्रम म्हणजे फक्त चालत घरी जाणाऱ्यांचा उपक्रम. ज्यांना सोबतीची गरज जास्त, ती लांबच्या वाड्यांवरची मुलं त्यातून आपोआप गळतात. म्हणून इथे शाळेच्या वेळेत बसणारेच पर्याय घेतले आहेत.

हाउस पद्धत

सगळ्या शाळेचे काही मोठे गट, म्हणजे हाउस, करून त्यांच्यात गुणांची चढाओढ लावायची ही पद्धत सर्वांत प्रचलित आणि बाहेरून सर्वांत देखणी. मांडवी, झुवारी, शापोरा, तेरेखोल अशी नद्यांची नावं दिली तर कोणत्याही घरच्या मुलाला ती आपली वाटतात, हा एक चांगला भाग. खर्च रंगीत फितींपुरता. पण आमच्या कसोटीवर ही पद्धत कच्ची ठरते. तीनशेवीस मुलांच्या शाळेत चार हाउस केली तर एकात ऐंशी जण येतात. धावायला, वक्तृत्वाला, चित्रकलेला त्यातले तेच ते बारा-पंधरा पुढे असतात. उरलेले पासष्ट टाळ्या वाजवतात, आणि त्यातला एक आला नाही तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

स्पर्धा गटाला आतून घट्ट करते, हे खरं. पण तोच घट्टपणा दुसऱ्या गटावर उलटतो. १९५४ साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात मुझफर शेरीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका शिबिरात अकराएक वर्षांच्या २२ मुलांचे दोन गट करून त्यांना सामन्यांत उतरवलं. काही दिवसांतच शिवीगाळ, झेंडे जाळणं, एकमेकांच्या खोल्यांवर धाडी सुरू झाल्या. एकत्र जेवायला बसवून काही साधलं नाही, उलट जेवणाचीच फेकाफेकी झाली. शिबिराचं पाणी बंद पडलं आणि सगळ्यांनी मिळून बिघाड शोधावा लागला, अशा प्रसंगांनंतर मात्र ताण उतरत गेला. प्रयोगकर्त्यांनीच भांडणाला वाव दिला, असा आक्षेप पुढे घेतला गेला आणि तो रास्त आहे. तरी शाळेसाठी यात शिकण्यासारखं आहे: एकत्र बसवणं पुरत नाही, एकत्र सोडवायची अडचण लागते.

तुमच्या शाळेत हाउस आधीपासून असतील तर मोडू नका, दुरुस्त करा. गुण कापणं आधी बंद करा. एकाने गृहपाठ केला नाही म्हणून हाउसचे पाच गुण गेले, की बाकीचे त्या मुलाला मधल्या सुट्टीत गाठतात. शिक्षा शाळेने केली आणि छळ मुलांकडून करवून घेतला, असा त्याचा अर्थ होतो. गुणफलक दर सहा आठवड्यांनी कोरा करा, नाहीतर दिवाळीच्या सुट्टीपर्यंत एक हाउस पुढे निघून जातं आणि बाकीची तीन हात टेकतात. प्रत्येक हाउसचे दहा-बारा जणांचे छोटे गट पाडा, पाचवी ते आठवीची मिसळ करून. नावं चिठ्ठ्या टाकून काढा, पण एका गावची सगळी मुलं एकाच हाउसमध्ये गेली नाहीत ना, हे पाहून घ्या.

रोजचं रिंगण

पहिल्या तासाआधी पंधरा मिनिटं तुकडी गोल बसते, नाव घेऊन एकमेकांना नमस्कार करते, एका प्रश्नावर प्रत्येक जण एक-दोन वाक्यं बोलतो. पैसा लागत नाही, पण हिशेब लागतो. चाळीस मुलं, प्रत्येकी वीस सेकंद म्हणजे १३ मिनिटं २० सेकंद. नमस्कार आणि बाक सरकवणं धरलं तर वेळ संपला. त्यामुळे वीस-वीसची दोन रिंगणं करा, किंवा अर्धी तुकडी आज आणि अर्धी उद्या बोलेल असं ठरवा. पहिल्या आठवड्यात बाक हलवायलाच चार मिनिटं जातील. कोणी कोणता बाक उचलायचा हे ठरवून दिलं की हळूहळू दीड मिनिटावर येतं. पावसाळ्यात व्हरांड्यावर अवलंबून राहू नका; जून-जुलैच्या सरींत तिथे बसता येत नाही.

सगळं प्रश्नावर ठरतं. ‘सुट्टीत कुठे गेला होता?’ हा प्रश्न वर्गातल्या पैशाची उतरंड उघडी करतो. ‘माटोळीला (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीला) काय काय बांधलं?’ हा गणेश चवथीनंतर सहज सुचणारा प्रश्न, पण त्याने ख्रिश्चन आणि मुसलमान मुलं गप्प बसतात. त्याऐवजी ‘तुमच्या घरच्या सणाला तुमच्यावर कोणतं काम असतं?’ असं विचारा. कोणी नारळ खवतो, कोणी नाताळाचा गोठा उभारतो, कोणी शिरखुर्म्याच्या वाट्या घरोघर पोहोचवतो. उत्तर कोणत्याही भाषेत चालेल, आणि ‘पुढे’ म्हणून आपली पाळी सोडण्याची मुभा हवी. ही मुभा असली की पहिले काही दिवस गप्प बसलेलं मूलही आपणहून तोंड उघडतं; जबरदस्ती केली तर ते सकाळी पोटदुखीची सबब सांगू लागतं.

रिंगण बिघडतं ते मोठ्यांमुळे. फीच्या सूचना, गृहपाठाची झडती, मग दहा मिनिटांचं प्रवचन. एखादं मूल घरातली मारहाण किंवा त्याहून गंभीर काही बोलून गेलं, तर तिथे खोदून विचारू नये. शांतपणे पुढच्या मुलाला बोलू द्यावं आणि त्याच दिवशी त्याच्याशी वेगळं बोलावं. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे. लैंगिक छळाची शंका असेल तर २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार कळवणं बंधनकारक आहे, ते शाळेच्या मर्जीवर नाही.

कसोटीवर रिंगण अर्धं उतरतं. कोण आलं नाही ते सगळ्यांना दिसतं, पण त्याच्यावाचून अडत काहीच नाही.

तुकडेजोड

आमचा कल इकडे आहे, कारण यासाठी वेळापत्रकात वेगळा तास शोधावा लागत नाही. एलियट अॅरनसन यांनी १९७१ साली टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत ही पद्धत आणली. गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना नुकतंच एका वर्गात आणलं होतं आणि वर्ग धुमसत होते. इंग्रजीत तिला जिगसॉ म्हणतात.

धडा पाच तुकड्यांत कापायचा. तीस मुलांचे पाच-पाचचे सहा मूळ गट. गटातल्या प्रत्येकाकडे एकच तुकडा. पाच मिनिटं आपापलं वाचन. मग सगळ्या गटांतले ‘पहिला तुकडा’वाले एकत्र, ‘दुसरा तुकडा’वाले एकत्र, आणि दहा मिनिटं आपला भाग पक्का करणं. मग मूळ गटात परत येऊन प्रत्येकाने तीन मिनिटांत आपला भाग बाकीच्यांना शिकवणं, म्हणजे पंधरा मिनिटं. शेवटी पाच मिनिटांची चाचणी, प्रत्येकाची स्वतंत्र. एकूण ३५ मिनिटं. पहिल्यांदा जागा बदलण्यातच तास संपेल. म्हणून सुरुवात जोडतासाला करा.

चाचणीत सगळ्या धड्यावर प्रश्न असल्यामुळे मागच्या बाकावरच्या मुलाकडे जो तुकडा आहे, तो त्याच्याकडूनच घ्यावा लागतो. ‘तो आला नाही तर आमचं अडेल’ हे इथे अक्षरशः खरं असतं. त्यामुळेच गैरहजेरी ही या पद्धतीची सर्वांत मोठी अडचण आहे. काही गट सहा जणांचे ठेवा आणि एक तुकडा दोघांकडे द्या. दुसरी अडचण इंग्रजीची. पाचवीतल्या मुलाला इंग्रजी परिच्छेद वाचून तो समजावणं जड जातं. तुकडा सहा-सात ओळींहून मोठा नको, आणि चर्चा मराठीत किंवा कोकणीत होऊ द्या. लिहायचं तेवढं इंग्रजीत. गटाला मिळून एकच गुण मात्र कधीही देऊ नका. हुशार मुलं सगळं ओढून घेतात, आणि कच्च्या मुलाचा पुन्हा राग राग होतो. गणिताला ही पद्धत बसत नाही. इतिहास, भूगोल आणि विज्ञानातले वर्णनाचे धडे हेच तिचं खरं क्षेत्र. आठवड्यातून दोनदा पुरे.

दादा-ताईची जोडी

सातवी-आठवीचं एक मूल आणि पाचवीचं एक. २०२५ साली गोव्यात सहावीपासूनचे वर्ग ७ एप्रिललाच सुरू झाले. असं वेळापत्रक असेल तर मोठ्यांना एप्रिलातच चाळीस मिनिटांची दोन सत्रं देता येतात: ऐकायचं कसं, हुकूम का सोडायचे नाहीत, आणि कोणती गोष्ट लगेच शिक्षकांना सांगायची. जोड्या शक्यतो एकाच बालरथातल्या लावा. धमकावणं बसमध्येही होतं, आणि शिक्षक तिथे नसतात. नुसती ‘भेटा’ म्हणून सांगितलेली जोडी महिनाभरात विरते, म्हणून आठवड्यातून एक तास वाचनाचा बांधून द्या. दोन जोड्यांची चौकडी करा, म्हणजे मोठा आला नाही तर लहान एकटा पडत नाही. फक्त पहिल्या नंबरची मुलं निवडू नका. ज्याला सगळे उनाड म्हणतात, तो आठवीतला मुलगा लहानग्याचं दप्तर सांभाळताना बऱ्याचदा वेगळाच दिसतो.

परसबाग किंवा घुमट पथक

घुमट हे चामडं मढवलेलं मातीचं वाद्य आरतीलाही वाजतं आणि मांडो या गोव्यातल्या ख्रिश्चन गीतप्रकारालाही, त्यामुळे ते सगळ्यांचं. पण पथकात बारा-पंधरा जणच मावतात, आणि पावसात बकऱ्याचं चामडं सैल पडतं. सगळ्या शाळेसाठी परसबाग बरी. सहा जणांमागे एक मीटर बाय तीन मीटरचा वाफा, आणि पाणी, निंदणी, कुंपण, नोंदवही अशी वाटून दिलेली कामं. पेरणी दिवाळीच्या सुट्टीनंतरच करा, आधी केली तर सुट्टीत सगळं वाळतं. तांबडी भाजी २५ ते ३० दिवसांत कापायला येते, म्हणजे नाताळाच्या सुट्टीआधी पहिली कापणी माध्यान्ह आहार करणाऱ्या स्वयंसाहाय्य गटाकडे देता येते. मोकाट गुरांसाठी कुंपण आधी, बी नंतर. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी सांगितलेल्या दहा दप्तरविरहित दिवसांपैकी एक-दोन इथे वापरता येतात.

मग काय निवडावं?

पाचवीत नवी भरती मोठी असेल, तर जूनपासून रिंगण आणि जोडी. वर्ग आधीच गटांत फुटलेला असेल, तर तुकडेजोड, आणि तीही गणेश चवथीच्या सुट्टीआधी. शिक्षक कमी आणि पोर्शन मागे पडलेला असेल, तरीही तुकडेजोडच, कारण तिच्यात धडा पुढे सरकतो. परसबाग दुसऱ्या वर्षी. नव्याने हाउस सुरू करायचा विचार असेल, तर आमच्या मते तो विचार आत्ता बाजूला ठेवावा.

काहीही निवडलं तरी सहाव्या आठवड्यात निनावी चिठ्ठ्या घ्या. प्रश्न एकच: ‘तू दोन दिवस आला नाहीस, तर वर्गात कोणाच्या लक्षात येईल? दोन नावं लिही.’ कोरी चिठ्ठी किती जणांनी दिली ते मोजा आणि बाराव्या आठवड्यात पुन्हा मोजा. ज्यांचं नाव एकाही चिठ्ठीवर नाही, त्यांची यादी वर्गशिक्षकांनी स्वतःजवळ ठेवावी आणि पुढच्या तुकडेजोडीत धड्याचा सर्वांत रंजक तुकडा त्यांना द्यावा. चिठ्ठ्या वर्गात मोठ्याने वाचू नयेत, आणि मोजून झाल्यावर फाडून टाकाव्यात.