सीसीआरबी की कोपा? पोलिसांवरच्या तक्रारी हाताळणाऱ्या वकिलासाठी

अमेरिकेत कायदा शिकणाऱ्या माझ्या भाचीला पोलिसांविरुद्धच्या तक्रारी पाहणाऱ्या नागरी संस्थेत वकिली करायची आहे. न्यूयॉर्कची सीसीआरबी (सिव्हिलियन कंप्लेंट रिव्ह्यू बोर्ड) की शिकागोची कोपा (सिव्हिलियन ऑफिस ऑफ पोलीस अकाउंटेबिलिटी), इथे तिचं अडलं आहे. दोन्ही संस्था पोलीस खात्याबाहेरच्या, पण वकिलाच्या वाट्याला येणारं काम फार वेगळं.

न्यूयॉर्कमध्ये पोलीस खात्याशी झालेल्या २०१२च्या करारानंतर गंभीर प्रकरणं सीसीआरबीचे वकील स्वतः चालवतात. साक्षीदार तयार करायचे, उलटतपासणी घ्यायची, युक्तिवाद करायचा. सुनावणी मात्र पोलीस खात्यातल्याच अधिकाऱ्यापुढे होते आणि शेवटचा शब्द पोलीस आयुक्तांचा. म्हणजे खटला जिंकूनही शिक्षा आपल्या हातात नाही. अटक करताना पोलिसाने गळा आवळल्यावर एरिक गार्नर यांचा मृत्यू झाला, तो जुलै २०१४मध्ये. संबंधित अधिकारी बडतर्फ झाला ऑगस्ट २०१९मध्ये. तोही खटला याच वकिलांनी चालवला होता. एवढा धीर धरता येईल का, हे तिने आधी स्वतःला विचारावं.

कोपा २०१७पासूनची. पोलिसांच्या गोळीबाराची चौकशी ती करते. तिथला वकील तपास चालू असतानाच सल्ला देतो: पुरावा टिकेल का, निष्कर्ष कायद्याला धरून आहे का. बडतर्फीचा निर्णय कोपाच्या हातात नाही. मला हे काम जास्त मोलाचं वाटतं, कारण कच्चा तपास पुढे कुठलाच वकील सावरू शकत नाही.

उभं राहून खटला चालवण्याची ओढ असेल त्याने न्यूयॉर्क निवडावं. जबाब आणि व्हिडिओ चिकाटीने तपासणाऱ्याने शिकागो. भाचीचा जीव मूट कोर्टात, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सरावाच्या खटल्यांत, रमतो, तिने सीसीआरबीकडेच अर्ज करावा.