संकटात कर्जाचा हप्ता थांबवावा की हातात पैसे द्यावेत?

कोरोनाकाळात, मार्च ते ऑगस्ट 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते लांबवायची मुभा दिली. गोव्यातल्या कळंगुटच्या टॅक्सीवाल्याला उसंत मिळाली, पण व्याज चढतच राहिलं. व्याजावरच्या व्याजासाठी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. आणि ज्याच्या नावावर कर्जच नाही, त्या किनाऱ्यावरच्या शॅकमधल्या वेटरला यातून काय मिळालं? काहीच नाही.

महिलांच्या जनधन खात्यांत मात्र तीन महिने दरमहा 500 रुपये आले. रक्कम तुटपुंजीच, पण फेडायची नव्हती. गावच्या दुकानात लगेच खर्च होण्याजोगी.

मला रोख मदतच पटते, फक्त रक्कम पोट भरेल एवढी हवी. धंदा लवकर उभा राहणार असेल तर हप्ता थांबवणं ठीक. 2018 मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, तेव्हा डिचोलीच्या ट्रकवाल्याला काम कधी मिळेल हेच ठाऊक नव्हतं. त्याला नुसती मुदतवाढ काय कामाची?