मान न वाकवता टाके: प्रिझमवाले लूप्स

लातुरात प्लास्टिक सर्जरी करायची म्हणजे कडबाकुट्टीत गेलेले हात आलेच. एकेक तुटलेला टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) शोधून जोडायचा, तोवर तासन्‌तास मान खाली. डोकं असतं पाचेक किलोचं, पण मान 60 अंश वाकली की मणक्यावर सुमारे 27 किलोचा भार येतो. लूप्स म्हणजे सर्जनच्या चष्म्यावर बसवलेली भिंगं. साध्या लूप्सचं भिंग कितीही चांगलं असो, वाकावं लागतंच. प्रिझमवाल्या लूप्समध्ये प्रिझम प्रतिमा वळवून आणतो: मान सरळ, नजर समोर, आणि दिसतो टेबलावरचा हात.

सुरुवातीला वैताग येतो. सुई धरायला जावं तर चिमटा बोटभर अलीकडेच मिटतो. घरी केळीच्या सालीवर टाके घालून सराव केला. आमच्या सिस्टर म्हणाल्या, "सर, भिंतीकडं बघून टाके घालताय व्हय?" आता संध्याकाळी मानेला शेक घ्यावा लागत नाही, एवढं नक्की.

नाकावर मात्र जड. दिसतंही कमी भागातलं. किंमत लाखाच्या वर, आणि विक्रेत्याचा माणूस माप घ्यायला आला तो थेट ओपीडीच्या खुर्चीत! मी त्याला ऑपरेशन थिएटरात नेलं. माप नेहमीच्या स्टुलावर, नेहमीच्या टेबलाशी बसूनच द्या. कामाचं अंतर, म्हणजे डोळ्यापासून टाक्यापर्यंतचं, चुकलं की पुन्हा वाकणं आलंच.

लॅप्रोस्कोपीवाल्यांनी, म्हणजे दुर्बीण आत घालून पडद्यावर बघत ऑपरेशन करणाऱ्यांनी, यात पैसे घालू नयेत. त्यांनी मॉनिटर नजरेच्या जरा खाली घ्यावा आणि टेबल इतकं उतरवावं की अवजारांच्या मुठी कोपराशी येतील.