सामान लादलेली सायकल आणि कोकणातल्या फेरीबोटी

मुंबईहून गोव्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने सायकल चालवत आणि वाटेत तंबू ठोकत जाण्याचा बेत आखणारी मंडळी सायकल, तंबू, पॅनियर (कॅरियरला अडकवायच्या सामानाच्या पिशव्या) आणि स्टोव्ह यांची महिनोन्महिने चौकशी करतात. हा प्रवास प्रत्यक्षात ज्या सेवेवर उभा आहे, त्या खाडी ओलांडणाऱ्या फेरीबोटींविषयी मात्र सायकलस्वाराच्या गरजा लक्षात घेऊन फारसे कोणी लिहीत नाही. मोटारवाल्याला फेरीबोट म्हणजे वेळ वाचवणारी सोय आहे. ती चुकली तर तो दोन-तीन तासांचा वळसा घालून पलीकडे पोहोचतो. वीस-पंचवीस किलो सामान लादलेल्या सायकलवाल्याचे तसे नाही. बोट नसेल तर त्याला खाडीच्या काठाने आत जाऊन चढ चढत मुंबई-गोवा महामार्ग गाठावा लागतो, ट्रक आणि बसगाड्यांच्या शेजारून पॅडल मारावे लागते आणि ज्या किनाऱ्यासाठी घर सोडले तो दिवसभर दिसतही नाही. म्हणून मांडव्यापासून तेरेखोलपर्यंतच्या फेऱ्यांचा हा आढावा केवळ सायकल आणि तंबू घेऊन जाणाऱ्यांसाठी लिहीत आहे.

सुरुवात भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीने, म्हणजे वाहने थेट आत चढवता येणाऱ्या मोठ्या बोटीने, करावी. मार्च २०२० मध्ये सुरू झालेल्या या सेवेने मुंबईच्या सायकलस्वारावर मोठेच उपकार केले आहेत, कारण पनवेल, पेण, वडखळ हा अवजड वाहनांचा रस्ता त्यामुळे पूर्णपणे टळतो आणि तासाभरात आपण थेट अलिबाग तालुक्यात उतरतो. सायकल खालच्या वाहनांच्या मजल्यावर राहते, आपण वरच्या मजल्यावर बसतो. शनिवार-रविवारी गर्दी असते, त्यामुळे जागा आधी राखून ठेवणे बरे. मांडव्यापासून अलिबाग, नागाव, चौल, रेवदंडा हा नारळी-पोफळीच्या वाड्यांतून जाणारा सपाट रस्ता पहिल्या दिवसासाठी उत्तम आहे, आणि रेवदंड्याला कुंडलिका नदीवर पूल असल्यामुळे तिथे बोटीची गरज पडत नाही.

खऱ्या अर्थाने ज्यांच्यावर हा प्रवास अवलंबून आहे अशा फेऱ्या चार: आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेशवी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड. राजपुरीची खाडी, सावित्री, वाशिष्ठी आणि शास्त्री ही त्यांची चार पाणी. यांतली दाभोळची फेरी सर्वांत जुनी असून ती २००३ पासून चालू आहे. स्थानिक लोक या बोटींना सरसकट जंगलजेटी म्हणतात, आणि रस्ता विचारताना हाच शब्द वापरला तर उत्तर लगेच मिळते. चारही ठिकाणी बोटीची रचना सारखीच असते: सपाट लोखंडी तळ, पुढे खाली पडणारा रॅम्प, दोन्ही कडांना लोक उभे राहतील एवढी जागा आणि वर सारंगाची केबिन. पाणी पंधरा-वीस मिनिटांत ओलांडले जाते. सकाळपासून रात्रीपर्यंत साधारण तासाभराच्या अंतराने फेऱ्या असतात. सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग लागली तर त्या वाढवल्याही जातात. सायकलवाल्याला त्या रांगेत थांबावे लागत नाही, ही या सेवेतली सर्वांत सुखाची गोष्ट आहे. गाड्या चढवून झाल्या की धक्क्यावरचा माणूस हात करतो आणि उरलेल्या फटीत सायकल सहज मावते.

चढण्या-उतरण्याची गोष्ट मात्र तपशिलात सांगायला हवी, कारण सायकलस्वाराची कसोटी तिथेच लागते. धक्क्याचा उतार सिमेंटचा असतो आणि त्याचा खालचा भाग दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो. भरती असेल तर बोट उताराच्या वरच्या, कोरड्या भागाला लागते आणि सायकल हाताने धरून सरळ आत नेता येते. सुकती असेल तर तीच बोट खाली, शेवाळ धरलेल्या भागाला लागते. तिथे चिखलाचा पातळ थर असतो, सिमेंटला आडव्या खाचा पाडलेल्या असतात आणि पुढचे चाक त्या खाचेत अडकले की मागचे जड पॅनियर सायकलला बाजूला खेचतात. अशा वेळी सायकलच्या डोंगराकडच्या बाजूला न राहता पाण्याकडच्या बाजूला उभे राहावे, दोन्ही ब्रेक हलके दाबून ठेवावेत आणि पावले खाचांतच टाकावीत. बोटीवरची मुले मदतीला येतात. त्यांना पॅनियरचा पट्टा धरू न देता मागचे कॅरियर धरायला सांगावे, नाहीतर पट्ट्याची कडी निघून येते. एका धक्क्यावर माझ्या सायकलचे पॅनियर असेच सुटून शेवाळात घसरले आणि आतली स्लीपिंग बॅग भिजली. तेव्हापासून प्रत्येक पिशवीच्या आत जाड प्लास्टिकची वेगळी पिशवी घालण्याचा नेम मी मोडलेला नाही.

भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, तेव्हा पाणी फार चढते आणि फार उतरतेही. अष्टमीच्या सुमारास भांगाच्या दिवसांत हा फरक बराच कमी होतो. तिथी पाहून निघालात तरी चारही धक्के भांगात गाठता येणार नाहीत, पण निदान सुकती कधी असेल याचा अंदाज घेऊन अर्धा तास चहाला थांबण्याचा निर्णय तरी करता येतो. मासेमारी करणाऱ्या कोणालाही विचारले तरी ही वेळ अचूक कळते.

बोटीवर सायकल स्टँडवर सोडून देऊ नये. लोखंडी पत्र्यावरची नक्षी झिजून गुळगुळीत झालेली असते, इंजिनाचे हादरे सतत बसत असतात आणि बोट धक्क्याला लागताना एक झटका बसतो. कडेच्या कठड्याला सायकल टेकवून सीटखालून एक पट्टा आवळावा आणि पुढच्या ब्रेकच्या मुठीला रबर बांधून ब्रेक दाबलेला ठेवावा. इथे या सेवेतली उणीव स्पष्ट जाणवते. मोटारींसाठी एवढी व्यवस्था असताना कठड्याला सायकल अडकवण्यासाठी दोन-चार हुकसुद्धा नसावेत, हे योग्य नाही. तिकीट खिडकीवर पाटीमध्ये सायकलचा दर कधी असतो, कधी नसतो. नसेल तर नुसत्या माणसाचे तिकीट द्यायचे की दुचाकीचे, यावर चर्चा होते. रक्कम किरकोळ असते, त्यामुळे तक्रार पैशाची नाही. सायकल हेही वाहन आहे आणि तिच्यासाठी पाटीवर एक ओळ असावी, एवढेच म्हणणे आहे. धक्क्यांवर पिण्याच्या पाण्याचा नळ आणि सावली यांचीही उणीव आहे. दुपारी बाराच्या उन्हात बोटीची वाट पाहत उभ्या राहिलेल्या सायकलस्वाराला या दोन गोष्टींचे मोल मोटारीत बसलेल्यापेक्षा कितीतरी अधिक असते.

वेळेचे नियोजन करताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. या मार्गावर खाडी म्हणजे उतार आणि खाडी ओलांडली की लगेच चढ, हा नियम जवळजवळ मोडत नाही. धोपाव्याला उतरून गुहागरकडे निघाले की शरीर थंड असतानाच घाटी सुरू होते, आणि जयगडच्या धक्क्यावरून सड्यावर, म्हणजे वरच्या खडकाळ पठारावर, पोहोचेपर्यंत सर्वांत लहान गिअरही मोठा वाटू लागतो. म्हणून संध्याकाळची शेवटची बोट पकडून पलीकडे मुक्काम शोधण्याचा विचार करू नये. संध्याकाळी अलीकडेच थांबावे आणि सकाळच्या पहिल्या बोटीने जावे; ऊन चढायच्या आत घाटी संपते, धक्का रिकामा असतो आणि रस्त्यावर दूधवाले आणि शाळेची मुले यांच्याखेरीज कोणी नसते. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. या दिवसांत सकाळी जमिनीवरून वारा येतो आणि दुपारनंतर वायव्येकडून समुद्राचा वारा सुटतो, त्यामुळे उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्याला दुपारी पाठीवर वारा मिळतो. उलट दिशेने येणाऱ्यांची दुपार फार कष्टाची जाते.

तंबूच्या दृष्टीने पाहिले तर बोटींच्या दोन्ही बाजूंची गावे ही या मार्गाची खरी श्रीमंती आहे. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, केळशी, मुरूड, गुहागर, वेळणेश्वर या सर्व ठिकाणी घरगुती राहण्या-जेवणाची सोय आहे, आणि खोली न घेता अंगणात किंवा वाडीत तंबू लावून रात्रीचे जेवण घरी घेण्याची परवानगी मागितली तर बहुतेक ठिकाणी ती आनंदाने मिळते. भाकरी, कुळथाचे पिठले, सोलकढी आणि ताजी मासळी मिळत असताना स्टोव्हचे ओझे वाहण्यात अर्थ नाही; चहापुरती सोय पुरेशी आहे. वाडीत तंबू लावताना नारळाच्या झाडाखालची जागा कटाक्षाने टाळावी. पोफळीखाली जमीन ओलसर असते, पण पहाटेचे दव झावळ्यांवर अडते, त्यामुळे तंबूचे वरचे कापड सकाळी उघड्यावरच्या तंबूपेक्षा बरेच कोरडे निघते. उघड्या अंगणात तेच कापड पिळून काढावे लागते आणि ते ओलेच बांधून नेले की संध्याकाळी दुर्गंधी येते. माझा उपाय असा की बोटीच्या प्रतीक्षेत असताना धक्क्याच्या कठड्यावर तंबू पसरून ठेवायचा. खाडीच्या वाऱ्यात तो बोट येईपर्यंत वाळतो.

पुळणीवर तंबू लावण्याचा मोह अनेकांना होतो. वेळास, आंजर्ले, हरिहरेश्वर, गुहागर यांसारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री अंडी घालायला येतात आणि पुढे फेब्रुवारीपासून पिल्ले बाहेर पडू लागतात. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये गावकऱ्यांना बरोबर घेऊन संवर्धनाचे काम सुरू केले, आणि आज तिथला कासव महोत्सव गावाच्या उत्पन्नाचा आधार झाला आहे. मादी अंड्यांसाठी भरतीच्या रेषेच्या वरची कोरडी वाळू निवडते, आणि तंबूसाठी आपल्याला नेमकी तीच जागा बरी वाटते. हेडलॅम्पचा पांढरा उजेड दिसला तर मादी अंडी न घालता परत फिरू शकते आणि पिल्लांची समुद्राकडची दिशा चुकते. या दिवसांत पुळणीवर तंबू लावूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वेशवीला उतरून वेळास अगदी जवळ आहे. तिथे एखाद्या घरी मुक्काम करून सकाळी कार्यकर्त्यांबरोबर किनाऱ्यावर जावे.

चार फेऱ्यांपैकी डावे-उजवे करायचे झाले तर दाभोळ मला सर्वांत अधिक भावते. एका काळी मोठे बंदर असलेल्या या गावात धक्क्याला लागूनच जुनी शाही मशीद उभी आहे, बाजार चार पावलांवर आहे आणि बोटीची वाट पाहणे हा तिथे वेळेचा अपव्यय वाटत नाही. आगरदांडा-दिघी फेरीत खाडीच्या मुखाशी जंजिऱ्याची तटबंदी दिसते. जयगडच्या बाजूला बंदराच्या मोठ्या वाहनांमुळे सड्यावरच्या रस्त्यावर सावध राहावे लागते.

जयगडनंतर गणपतीपुळे, रत्नागिरी, पावस, पूर्णगड, देवगड, मालवण, वेंगुर्ले हा मार्ग मुख्यतः पुलांवरून जातो. मग रेडी ओलांडल्यावर तेरेखोलला पुन्हा पाणी आडवे येते. तेरेखोलचा किल्ला नदीच्या उत्तर तीरावर असूनही गोव्यात मोडतो, आणि तिथून केरीला जाणारी फेरीबोट गोवा सरकारच्या नदी परिवहन खात्याची आहे. पायी प्रवाशाला तिथे तिकीट पडत नाही, उतार रुंद आहे आणि सायकल चढवणे या सर्व मार्गातले सर्वांत सोपे काम आहे.

रेवस ते रेडी या सागरी महामार्गावर मोठ्या खाड्यांवर पूल बांधण्याच्या योजना आहेत. गावांना दवाखाना आणि बाजार जवळ येणार असेल तर पुलांना विरोध करण्याचे कारण नाही. तरीही पूल झाल्यावर निदान एक लहान बोट पादचारी आणि सायकलींसाठी चालू ठेवावी, कारण उंच पुलाचा चढ आणि त्यावरची वेगवान वाहने यांपेक्षा खाडीच्या पाण्यावरून जाणे सायकलस्वाराला आणि डोक्यावर पाटी घेतलेल्या कोळणीला अधिक सोयीचे आहे.

पूर्ण मार्गासाठी रजा मिळत नसेल त्यांनी दिघी ते दाभोळ हा टप्पा निवडावा. दिवेआगरहून शेखाडीमार्गे श्रीवर्धनकडे जाणारा, समुद्राला खेटून असलेला रस्ता या टप्प्यात येतो, सावित्रीची फेरी येते, वेळास येते, हर्णैचा संध्याकाळचा मासळीचा लिलाव येतो, आणि दाभोळहून दापोलीमार्गे खेडला पोहोचले की कोकण रेल्वेने परत येता येते. सायकल पार्सल म्हणून नोंदवायची असल्याने ती गाडी तिथे किती वेळ थांबते हे स्थानकावर आधी विचारून ठेवावे.