दहावीला क्लास न लावता: जूनपासून वापरलेल्या फुकट साइट आणि व्हिडिओंचा अनुभव

लेक जूनमध्ये दहावीत गेली. एसएससी बोर्ड, सेमी-इंग्रजी. आम्ही राहतो त्या नवी मुंबईतल्या कोपरखैरण्यात क्लासच्या पाट्यांना तोटा नाही, पण दहावीच्या बॅचची फी ऐकून आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. मग ठरवलं, गणित-विज्ञानाला इंटरनेटवर जे फुकट मिळतं त्यावर भागवून बघू. आता प्रिलिम तोंडावर आली आहे. काय टिकलं आणि काय फोनमधून उडालं, ते लिहिते. वाहत्या गंगेत मीही हात धुतले, तेही शेवटी सांगते.

आमच्या घरी नुसते बघायचे व्हिडिओ फार टिकले नाहीत. बघताना सगळं कळल्यासारखं वाटतं, दुसऱ्या दिवशी वही कोरी. ज्यात हाताला काम होतं, तेवढंच डोक्यात राहिलं.

गणितासाठी खान अकॅडमी. ती सुरू करणारे सलमान खान म्हणजे नट नव्हेत. २००४ मध्ये नात्यातल्या एका बहिणीला ते लांबून गणित शिकवायला लागले, त्यातून हे उभं राहिलं आणि २००८ पासून ना-नफा संस्था म्हणून चालतं. व्हिडिओत काळ्या पाटीवर रंगीत अक्षरं उमटत जातात, शिकवणारा दिसतही नाही. पण खरा माल सरावात आहे. हिंट घेतलीत की ते उत्तर बरोबर धरलं जात नाही. लेक त्या बटणापर्यंत बोट न्यायची आणि चरफडत मागे घ्यायची. त्या चरफडण्यातच तिची वर्गसमीकरणं सुधारली, असं माझं मत.

भूमितीत मात्र गाडी अडली. समरूपतेतलं प्रमेय व्हिडिओ बघून समजलं, पण बोर्डाच्या पेपरात गिव्हन, टू प्रूव्ह, कन्स्ट्रक्शन, प्रूफ असं क्रमाने लिहावं लागतं आणि प्रत्येक पायरीपुढे कंसात कारण द्यावं लागतं. बाहेरच्या कुठल्याही व्हिडिओकडून ती शिस्त मिळायची नाही. त्यासाठी बालभारतीचं पुस्तकच उघडायचं. त्याची पीडीएफ ई-बालभारतीवर फुकट आहे, आणि छापील पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा या सरकारी शिक्षण-साइटवरच्या साहित्याकडे नेतो. दिसायला साधं प्रकरण, पण मार्क तिथले.

विज्ञानाबद्दल लिहायला मला सगळ्यात आवडेल. 'विद्युतधारेचे परिणाम' हा धडा लागला तेव्हा फेट नावाच्या साइटवर गेलो. कोलोरॅडो विद्यापीठाचा हा उपक्रम २००२ मध्ये सुरू केला कार्ल वीमन यांनी, ज्यांना त्याच्या आदल्या वर्षी भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. ब्राउझरमध्येच बॅटरी, तारा, दिवे ओढून आणायचे आणि जोडायचे. मराठीतही आहे. लेकीने पहिल्याच बैठकीत बॅटरीची दोन टोकं नुसत्या तारेने जोडली, आणि पडद्यावर बॅटरीने पेट घेतला! शॉर्टसर्किट म्हणजे काय, हे मला वेगळं सांगावं लागलं नाही.

तिथून आम्ही अरविंद गुप्तांच्या खेळण्यांकडे वळलो. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत त्यांनी मुलांसाठी वर्षानुवर्षं हे काम केलं, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे व्हिडिओ अगदी छोटे असतात, मराठीतही आहेत. त्यातली मोटर केली: एक बॅटरी, दोन सेफ्टी पिना, रबरबँड, लोहचुंबक आणि लाखेचा थर असलेली तांब्याची तार. तार गुंडाळून वेटोळं केलं, दोन्ही टोकं ब्लेडने चकचकीत खरवडली, पिनांत अडकवली. वेटोळं नुसतं थरथरलं. पुन्हा व्हिडिओ लावला, तेव्हा दिसलं की एका टोकाचा थर पूर्ण काढायचाच नाही, एक बाजू तशीच ठेवायची. पूर्ण खरवडलं तर पहिल्या अर्ध्या फेरीत चुंबक वेटोळ्याला पुढे ढकलतो आणि उरलेल्या अर्ध्यात मागे ओढतो. थर राहिला तर त्या उरलेल्या अर्ध्या फेरीत वीजच बंद होते आणि वेटोळं आपल्या वेगानेच पुढे जातं. नवी तार कापली, तसं केलं, आणि मोटर भणाणली. पुस्तकातल्या आकृतीत ती दुभंगलेली कडी कशाला असते, ते मला या वयात कळलं. माझ्या दहावीत मी ती आकृती फक्त काढली होती.

इतिहास-भूगोलाचं फारसं काही हाती लागलं नाही. तिथे धडा वाचणं, दुसरं काही नाही.

एक कटकट सांगते. 'मोफत' म्हणून जाहिरात करणाऱ्या एका अ‍ॅपला मोबाइल नंबर दिला. पहिले काही धडे मोफत निघाले, पुढे कुलूप. वर समुपदेशक म्हणवणाऱ्यांचे फोन सुरू: "मॅडम, मुलीच्या भवितव्याचा प्रश्न आहे." ऐन जीएसटी रिटर्नच्या दिवशी! वर लिहिलेल्यांपैकी एकाही ठिकाणी असा ससेमिरा लागला नाही. जिथे धडा उघडायच्या आधी नंबर मागतात, तिथे मी आता थांबत नाही.

आता माझं. मी ठाण्याच्या वागळे इस्टेटला एका कंपनीत अकाउंट्स बघते. सकाळी ठाण्याहून नवी मुंबईकडे लोंढा येतो आणि मी उलट्या दिशेने जाते, त्यामुळे ट्रान्स-हार्बर लोकलला बहुतेकदा बसायला मिळतं. त्या वेळात एनपीटीईएलचं, म्हणजे आयआयटींच्या फुकट ऑनलाइन कोर्सचं, लेक्चर, आदल्या रात्री डाउनलोड केलेलं. आयआयटीचे प्राध्यापक संथ शिकवतात, मी वेग थोडा वाढवते. सजावट शून्य, पण दर आठवड्याची असाइनमेंट मुदतीत द्यावी लागते, म्हणून कोर्स सुटत नाही. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर लिबरऑफिस आहे, म्हणजे एक्सेल-वर्डसारखं फुकट सॉफ्टवेअर. ते आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवरून मराठीत शिकले. अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ आणि अर्ध्यावर आपली शीट ठेवून थांबत थांबत करायचं, अशीच त्याची पद्धत आहे.

एनपीटीईएलला शिकणं फुकट आहे, पण प्रमाणपत्र हवं तर केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते, मी त्याचे १००० रुपये भरले. असाइनमेंटचे २५ आणि परीक्षेचे ७५ गुण असतात, आणि दोन्हीकडे वेगवेगळं पास व्हावं लागतं: असाइनमेंटमध्ये किमान १०, परीक्षेत किमान ३०. आठ आठवड्यांच्या कोर्सला ८ पैकी चांगल्या ६ असाइनमेंट धरतात, त्यामुळे एखादा आठवडा आजारपणात गेला तरी चालतं. जानेवारीच्या सत्राची परीक्षा मात्र मार्च-एप्रिलच्या आसपास येते, म्हणजे नेमकी आमची इयर-एंड. अकाउंट्सवाल्यांनी जुलैचं सत्र घ्यावं, मी तेच घेतलं होतं.