मिशिगन की नोटर डेम: कॉलेज फुटबॉलमध्ये कोणाच्या बाजूने बसावं?

शिकागो-डेट्रॉइटच्या पट्ट्यात नव्याने राहायला आलात की पहिल्याच सप्टेंबरात कळतं, इथला शनिवार कॉलेज फुटबॉलचा, म्हणजे विद्यापीठांच्या संघांमधल्या अमेरिकन फुटबॉलचा असतो. मग संघ कोणता धरायचा? हाताशी दोन थोर नावं आहेत: ॲन आर्बरचं मिशिगन विद्यापीठ आणि साउथ बेंडचं कॅथलिक विद्यापीठ नोटर डेम. यंदा कोण जिंकतंय यावर निवड करू नका, इतिहास बघा.

नोटर डेमला हा खेळ शिकवला मिशिगननेच. २३ नोव्हेंबर १८८७ रोजी मिशिगनची पोरं साउथ बेंडला गेली, यजमानांना खेळ समजावून दिला आणि मग त्यांना ८-० ने हरवलं. १९०९ मध्ये शिष्याने गुरूला ११-३ ने नमवलं. पुढच्या वर्षीचा सामना मिशिगनने खेळाडूंच्या पात्रतेवरून ऐन वेळी रद्द केला आणि दोघे पुन्हा भेटले ते थेट १९४२ मध्ये.

आकडे हवे असतील तर मिशिगन. प्रशिक्षक फील्डिंग योस्टच्या पहिल्याच हंगामात, १९०१ मध्ये, संघाने ५५० गुण केले आणि एकही दिला नाही. १ जानेवारी १९०२ च्या पहिल्या रोझ बोलमध्ये (हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यात) स्टॅनफर्डची ४९-० अशी धूळधाण केली. आयोजकांनी १९१६ पर्यंत तिथे पुन्हा फुटबॉल खेळवलाच नाही. १,००० विजय सर्वांत आधी गाठले तेही मिशिगननेच, २०२३ मध्ये, आणि त्याच हंगामात राष्ट्रीय विजेतेपदही आलं. घरचं मैदान लाखाच्या वर प्रेक्षकांचं. वर नोव्हेंबरअखेरचा शेजारच्या राज्यातल्या ओहायो स्टेट विद्यापीठाविरुद्धचा सामना, ज्याची वाट वर्षभर बघतात.

नोटर डेमची श्रीमंती वेगळी आहे आणि मला ती जास्त भिडते. नॉर्वेत जन्मलेला क्नूट रॉक्नी १९१३ मध्ये खेळाडू म्हणून बलाढ्य आर्मीविरुद्ध, म्हणजे अमेरिकेच्या लष्करी अकादमीच्या संघाविरुद्ध उतरला. फॉरवर्ड पासच्या, म्हणजे हाताने पुढे फेकलेल्या चेंडूच्या जोरावर ३५-१३ असा जिंकलेला तो सामना देशभर गाजला. पुढे प्रशिक्षक म्हणून १९१८ ते १९३० मध्ये त्याने १०५ सामने जिंकले, हरला फक्त १२. १९३१ मध्ये विमान अपघातात गेला तेव्हा तो अवघा ४३ वर्षांचा होता. त्या काळात कॅथलिक स्थलांतरितांकडे संशयाने पाहिलं जाई. कॉलेजची पायरीही न चढलेल्या आयरिश, इटालियन, पोलिश कामगारांनी हा संघ आपला मानला. न्यूयॉर्कमध्ये अशा चाहत्यांना ‘सबवे ॲल्युमनाय’ (भुयारी रेल्वेतले माजी विद्यार्थी) म्हणत. त्यांच्यातलं कोणीच तिथे शिकलेलं नव्हतं!

उणी बाजूही बघा. नोटर डेमचं शेवटचं राष्ट्रीय विजेतेपद १९८८ चं, आणि अभ्यासातल्या गैरप्रकारांमुळे २०१२-१३ चे २१ विजय नोंदींतून वगळले गेले. मिशिगनच्या २०२३ च्या यशालाही प्रतिस्पर्धी संघ खेळाडूंना देतात ते खुणांचे इशारे चोरल्याच्या प्रकरणाची किनार आहे. प्रशिक्षक जिम हार्बो तेव्हा नियमित हंगामाचे शेवटचे तीन सामने निलंबित होते.

मुलगा किंवा मुलगी ॲन आर्बरला शिकत असेल, तर प्रश्नच मिटला, मिशिगन. ओहायो स्टेटसारखं एकच कायमचं वैर अंगात भिनवून घ्यायचं असेल, तरीही मिशिगनच, कारण नोटर डेम फुटबॉलमध्ये कुठल्याच कॉन्फरन्सचा (आपसात नियमित खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाचा) पूर्ण सदस्य नाही. पण कुठल्याच अमेरिकन कॉलेजात न शिकता, लांबून या देशात आला असाल, तर माझं मत नोटर डेमला. शिकागोहून साउथ बेंडला साउथ शोअर लाइनची रेल्वे जाते. एक सामना प्रत्यक्ष बघून या.